मागून आणलेलं झबलं

मंजुळाची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून तिसऱ्याचं नाव तिनं भिका ठेवलं. देवाकडून भीक मागून घेतलेला, म्हणून भिका. आमच्या पाचोऱ्याच्या बाजूला अशा लेकराला मोठं होईपर्यंत नवं कापड घालत नाहीत. ज्या घरची पोरं जगली-वाचली, तिथं पदर पसरायचा आणि त्यांच्या अंगावरून उतरलेलं झबलं तसंच आपल्या लेकराला घालायचं. ते थंड पाण्यातून काढलं तर चालतं, पण उकळायचं नाही. उकळलं की देणाऱ्या घराचं आयुष्य त्यातून निघून जातं, असं मंजुळाची सासू बेबाबाई सांगायची. मी त्यांची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. मला हे सगळं रोज ऐकू यायचं.

साल शहाऐंशी-सत्त्याऐंशी असेल. भिका रांगायला लागला आणि त्याच्या बोटांच्या बेचक्यात, काखेत, कमरेला बारीक पुरळ उठलं. खाज अशी, की पोर रडून रडून लालबुंद व्हायचं. मंजुळानं हातांना चिंध्या बांधल्या, तर ते भिंतीला अंग घासायचं. कडुनिंबाचा पाला झाला, करंजाचं तेल झालं, गंधक झालं. येईल तो औषध सांगून जाई. सांगायला काय जातं लोकांचं! बेबाबाई म्हणे, सुनेचं दूधच खराब. मंजुळानं मिरची सोडली, वांगं सोडलं, शेंगदाणे सोडले, कोरड्या भाकरीवर दिवस काढले. पुरळ होतं तिथंच होतं.

शेवटी तिचा नवरा लोटन तिला जळगावच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मीही गेले, कारण मंजुळा परक्यापुढे तोंड उघडायची नाही. डॉक्टर म्हणाले, "ही खरूज आहे. एकाची दुसऱ्याला लागते. घरातल्या सगळ्यांनी गळ्यापासून पायापर्यंत हे औषध लावा, आणि अंगावरचं, अंथरुणातलं सगळं उकळा."

मंजुळानं केलं हो सगळं! चुलीवर हंडा चढवला, गोधड्यासुद्धा उकळल्या. भिका बरा झाला. रात्रभर झोपायला लागला, हसायला लागला. पण वाढतं अंग ते, झबलं आखूड झालं, आणि ही बाई दुसरं मागून आली. त्या वर्षी आमच्या गल्लीत निम्मी पोरं खाजवत होती. पुरळ परत आलं. पुन्हा औषध, पुन्हा हंडा, पुन्हा खाज.

एकदा मी पाहिलं, हंड्यात सगळं उकळतंय आणि झबलं मात्र तसंच दोरीवर.

"हाई का बरं नही टाकं हंडामा?" मी ओरडलेच.

"ते मांगेल शे, अक्का."

माझं डोकंच फिरलं. अगं बये, तेच खातंय ना त्याला! नाही नाही ते बोलले मी तिला. तिनं झबलं छातीशी धरलं आणि म्हणाली, "पहिला दोन्हीस्ले नवं कापड घालं व्हतं. काय व्हयनं त्यास्नं?"

ती दोन्ही गेली तेव्हा तिच्या घरात मीच तर बसले होते.

पुढे फोड पिकले. मग एका सकाळी भिकाचं तोंड सुजलेलं दिसलं, लघवी लाल व्हायला लागली. जळगावला दवाखान्यात ठेवला. डॉक्टर म्हणाले, जखमा चिघळून आजार मूत्रपिंडावर गेलाय, फार उशीर झाला. मंजुळा उठली. आवारात बाया स्वयंपाक करत होत्या, तिथं एकीची चूल मागून घेतली आणि ते झबलं तिनं स्वतःच्या हातानं उकळत्या पाण्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भिका गेला.

"मी उकाळं, म्हनीसन गया मना पोऱ्या," ती म्हणाली. बेबाबाईही तेच म्हणाली. डॉक्टरांनी समजावलं, लोटननं समजावलं, मी तर भांडले. पालथ्या घड्यावर पाणी! सांगा, जिनं अखेर बरोबर तेच केलं, तिलाच जन्मभर हे ओझं? मला तिचा राग येतो आणि तिला पाहिलं की रडू फुटतं.

मग तिला मुलगी झाली. मंजुळा झबलं मागायला माझ्या दारी येणार हे मला ठाऊक होतं. नातवाचं झबलं मी चांगलं खदखदून उकळलं, कडक उन्हात वाळवलं, मग चुरगळून उशाखाली ठेवलं, म्हणजे धुतल्यासारखं दिसू नये. गल्लीतल्या बायांनाही दम देऊन ठेवला, की तुम्हीही असंच द्या आणि तोंडातून चकार शब्द काढू नका.

मंजुळा आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, पदर पसरून. मी झबलं टाकलं. तिनं ते उलटसुलट पाहिलं, नाकाशी नेलं.

"गरम पानीमा धोयेल नही ना, अक्का?"

"नही वं माय," मी म्हटलं. "आताच पोऱ्याना आंगवरथून काढं."

तिनं ते डोळ्यांना लावलं आणि घरी गेली.