राखीव गोलकीपरचा सत्कार

व्यावसायिक आइस हॉकीपटू म्हणून माझा पहिला हंगाम दार उघडण्यात चाललाय. हे मी गमतीनं म्हणत नाही. राखीव गोलकीपर बाकाच्या टोकाला बसतो. दमलेले खेळाडू बर्फावरून परत आले की त्यानं कठड्याचं छोटं दार उघडायचं, ताज्या दमाचे बाहेर सोडायचे आणि दार लावायचं. मॅचभर हेच. घरी हे सगळं माहीत आहे. पण करारावर सही झाल्या दिवशीच बाबा ती बातमी मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकून मोकळे झाले होते.

गेल्या रविवारी दुपारी मंडळी मॅचला आली. शाली, कानटोप्या, चहाचे थर्मास आणि एक ताशा. सगळे आमच्या बाकाच्या मागे, वरच्या रांगांत बसले, त्यामुळे बाकावर बसलेल्या आमच्या नुसत्या पाठीच त्यांना दिसत होत्या. बाबाही त्यांच्यातच. आईचे गुडघे पायऱ्या चढू देत नाहीत, म्हणून ती खाली, माझ्या दाराशेजारच्या काचेला टेकून उभी राहिली.

आमच्या गोलकीपरनं पहिला फटका अडवला आणि ताशा कडाडला. "अरे वाघ आहे आपला!" कुणीतरी ओरडलं. मग माझ्या नावाचा गजर सुरू झाला. गोलकीपरचं तोंड मुखवट्यात असतं आणि आमच्या शर्टावर नावाच्या जागी जाहिरात असते. गोलमध्ये मीच उभा आहे असं ते धरून चालले होते. बाबांना माझा नंबर पाठ आहे, त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवर तो चिकटवलेला आहे. तरी सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता.

"ही माणसं कोण?" शेजारच्या डच खेळाडूनं विचारलं. मी खांदे उडवले आणि दार उघडलं.

आम्ही जिंकलो. कँटीनमध्ये मंडळाच्या अध्यक्ष काकांनी मला मिठीच मारली. "अरे राजा, काय सेव्ह केलेस! लास्टवाला तर अनबिलिव्हेबल!"

काका, मी खेळलोच नाही. एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी बाबांकडे पाहिलं. ते कॉफी मशीनची बटणं वाचत होते. तेवढ्यात माझ्या खांद्यावर शाल आली, आमच्या गावातल्या, आल्मेरेच्या टोकोतून, म्हणजे आशियाई वाणसामानाच्या दुकानातून आणलेला नारळ हातात आला, आणि सगळे फोटोसाठी दाटीवाटीनं उभे राहिले. बाबा माझ्या शेजारी. मी हसलो. लाज वाटत होती आणि तरी हसू चांगलं आलं, याची आणखी लाज वाटली.

नेमका तेव्हाच आमचा खरा गोलकीपर ओल्या केसांनी, बॅग ओढत बाहेर आला. शाल-नारळ पाहून त्यानं डचमध्ये विचारलं, "वाढदिवस?" मी होकारार्थी मान हलवली. इथे वाढदिवस असला की घरच्यांचंही अभिनंदन करतात. त्यानं बॅग खाली ठेवली आणि एकेकाशी हात मिळवत अख्ख्या मंडळाचं अभिनंदन केलं.

"हा कोण रे?" काकांनी विचारलं.

"टीममधलाच आहे," बाबा म्हणाले.

"आज बसून होता वाटतं बिचारा." काकांनी त्याची पाठ थोपटली. "मिळेल, यालाही मिळेल चान्स."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र मनापासून आभार मानून गेला.

परतताना बाबा गाडी चालवत होते. नारळ माझ्या मांडीवर होता. आल्मेरे जवळ आल्यावर पुढच्या सीटवरून आई मागे वळली.

"दार मात्र अगदी वेळेवर उघडत होतास हं," ती म्हणाली. "एकदाही कुणाला ताटकळावं लागलं नाही."