अक्काची अफू

माझी आत्या दुपारचं जेवण झालं की मोहरीपेक्षा थोडी मोठी अशी अफूची गोळी जिभेवर ठेवायची आणि वर कॉफीचा घोट घ्यायची. लपूनछपून काही नसायचं, अगदी ओट्यावर बसून. घरात सगळे तिला अक्का म्हणायचे. मल्लेश्वरमच्या मुलींच्या शाळेतून ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती. ऐन उमेदीत जटका, म्हणजे घोडागाडी, उलटून तिची कंबर दुखावली, तेव्हा वैद्यांनी अफू सुरू करून दिली. कंबर पूर्ण बरी झाली नाही आणि अफूही सुटली नाही.

मी तेव्हा कॉलेजात होते. अफू खाल्ल्यावर काय होतं, असं मी तिला एकदा विचारलं. माणसं सांगतात तसं स्वप्नबिप्न काही पडत नाही, असं ती म्हणाली. दुखणं राहतंच, पण ते शेजारच्या घरात चालल्यासारखं वाटतं. मला हे फार नवल वाटलं. पुढे कितीतरी दिवस मी दुपारी तिच्या डोळ्यांकडे निरखून बघायचे. ती मात्र निवांत वर्तमानपत्र वाचत असायची.

अडचण अशी होती की माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, अबकारी खात्यात कारकून होते. साठ साल जवळ आलं तसं सरकारने अफूची खुली विक्री बंद करायचं ठरवलं. ज्यांना ती सुटणं शक्य नाही, त्यांनी डॉक्टरांकडून तसा दाखला घ्यायचा, व्यसनी म्हणून नोंद करायची आणि पासावर मिळेल तेवढीच घ्यायची. अण्णांनी हे जेवताना सांगितलं.

अक्का म्हणाली, जन्मभर मी दुसऱ्यांच्या मुलींना शिस्त लावली, आता माझ्या तोंडात काय जावं हे सरकार ठरवणार का. अण्णा तिच्यापेक्षा बरेच लहान. तिनेच त्यांना वाढवलेलं. ते आवाज चढवत नसत. मिलमध्ये कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना अफू चाटवून निजवतात, असं त्यांनी सांगितलं. खात्याच्या कामाला गेले असताना असं एक पोर त्यांनी पाहिलं होतं. ते पुन्हा उठलंच नाही.

अक्का म्हणाली, "पोरांना मिळणार नाही अशी व्यवस्था कर. मी तान्हं पोर नाही."

तरी ती डॉक्टरांकडे गेली. सोबत मी होते. कानडी डॉक्टर भला माणूस होता. त्याने कंबर तपासली आणि स्वल्प संकोचून सांगितलं की मला दोनच गोष्टी लिहिता येतात. तुम्ही व्यसनी आहात, किंवा तुम्हाला अफूची गरज नाही.

"सरी, ठीक आहे," अक्का उठत म्हणाली. "मग गरज नाही असं लिहा."

घरी येऊन तिने उरलेली अफू न्हाणीत टाकून वर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी तिला जांभयांवर जांभया येऊ लागल्या, नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मग थंडी, जुलाब. पाय तर आपोआप झटके मारत. अण्णा रजा टाकून तिचे तळवे चोळत बसले. मी पाणी घेऊन गेले तेव्हा तिने मला जवळ बसवून घेतलं.

"नीट बघून ठेव," ती म्हणाली. "हे कमरेचं दुखणं नाही. हे दुसरंच आहे. मला माहीत नव्हतं."

इतक्या हालांतही तिच्या आवाजात शोध लागल्यासारखं काहीतरी होतं. अण्णा तसेच उठले. डॉक्टरांना घरी घेऊन आले, व्यसनी असल्याचा दाखला मिळवला आणि संध्याकाळपर्यंत स्वतः दुकानातून अफू आणली. ज्या कायद्याची बाजू ते मांडत होते, त्याच्याच दारात ते बहिणीसाठी उभे राहिले होते.

"तुला व्यसनी म्हणवत नाही, अक्का," ते म्हणाले, "पण हे बघवतही नाही."

तिने दाखला वाचला. लिहिलंय ते खरं आहे, असं म्हणाली आणि गोळी घेतली.

पुढे पासावरची अफू आणायला ती स्वतःच जायची. चिकपेटजवळच्या दुकानाबाहेर हमाल, म्हातारे शिपाई आणि एखादा जुना पैलवान यांच्या रांगेत ती नऊवारी नेसून उभी राहायची. कुणी पुढे जा म्हटलं तर जायची नाही. उलट प्रत्येकाला विचारायची, कधी सुरू केली, कशासाठी, सोडून पाहिली का. मीही कान देऊन ऐकायचे. कुणाला दमा होता, कुणाची बायको गेली होती. एकाने नुसतं सांगितलं की बरं वाटतं म्हणून. हे उत्तर तिला सगळ्यांत प्रामाणिक वाटलं. त्याला मनाई करायला मला काही कारण सापडत नाही, असं ती परतताना म्हणाली. आणि तो पोटचा मुलगा असता तर मी त्याच्या हातून गोळी हिसकावली असती, असंही म्हणाली.

त्या रात्री जेवताना तिने अण्णांना बजावलं की दुकान सकाळी उशिरा उघडतं, त्यामुळे हमालांचा रोज बुडतो, हे वरच्या साहेबांच्या कानावर घाल. अण्णांनी ते कानावर घातलं. वेळ बदलली की नाही, ते मला आता आठवत नाही.