टेंभरेची पिकअप आणि हटवारचा डबा

किस्से जमवायला कोणी बसत नाही. चार माणसं एका गाडीत बसली आणि पाचवी वस्तू बिघडली, की ते आपोआप जमतात!

आम्ही चौघे भिलाईच्या प्लांटमधले, इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे. मी, टेंभरे, मेश्राम आणि हटवार. वीज म्हटली की आमच्यापुढे बोलायची कोणाची हिंमत नाही. टेंभरेकडे पिकअप ट्रक आहे, त्यामुळे सुट्या जुळल्या की आमचा तंबू धरणाच्या काठावर. मग हटवारला झोपेत श्वास अडकायचा त्रास निघाला. डॉक्टरने नाकाला लावायचं मशीन दिलं. ते विजेवर चालतं आणि त्याच्याशिवाय झोपायला सक्त मनाई.

रेखावहिनींनी, म्हणजे हटवारच्या बायकोने, कॅम्पिंग बंद केलं. आम्ही पोर्टेबल पॉवर स्टेशन आणलं. आमच्या भाषेत डबा. वहिनींनी अट घातली, "संध्याकाळी डबा फुल दिसला तरच थांबाचं. नाई तर घरी!" आम्हीही ठरवलं, हटवार परतला तर सगळेच परतायचं. त्याच्याशिवाय तंबूत मजा नाही, हे सरळच सांगतो.

*

पहिल्या खेपेला डबा डॅशबोर्डच्या सॉकेटला लावला. गाडी चालेल, डबा भरेल. पण आम्ही दिसेल त्या टपरीवर चहाला थांबलो, आणि गाडी बंद केली की ते सॉकेटही बंद! धरणावर पोचलो तेव्हा डबा अर्धासुद्धा नव्हता. आल्या पावली परत.

पुढच्या खेपेला इंजिन चालू ठेवूनच चहा प्यायलो. टपरीवाला बराच वेळ बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "बंद कर दो भैया. चालू नहीं हुई तो धक्का हम मार देंगे!"

*

टेंभरे म्हणाला, "सॉकेटनं काय होते? इन्व्हर्टर लावू. घरच्या चार्जरनं धडाधड भरते."

भिलाईतच, मरोद्याला त्याच्या घराच्या अंगणात ट्रायल झाली. चार इलेक्ट्रिशियन, चार मतं आणि प्रत्येकाचा टेस्टर वेगळा. स्विच दाबला. फट्! फ्यूज उडाला.

मेश्रामने कॉलर ताठ केली. "पाह्यलं? प्रोटेक्शन बरोबर काम करून राहिलं. डिझाईन पास!"

*

शेवटी ट्रकच्या बॅटरीपासून थेट जाड केबल ओढली आणि मधे त्याच कामाचा चार्जर बसवला. आता काय बिशाद! पण धरणावर उन्हात डबा तापला आणि त्याने स्वतःच चार्जिंग थांबवलं. प्लांटमध्ये मोटर तापली की आम्ही पुढे मोठा पंखा लावतो. इथेही लावला. डबा गार झाला, इंजिन घुरघुरत होतं, तरी डब्यावरचा टक्क्यांचा आकडा हलेना.

"कावून भरून नाई राहिला बे?" म्हणत हटवार वाकला. पंख्याची पिन त्याच डब्यात होती!

टेंभरे शांतपणे म्हणाला, "पण गार तर झाला ना?"

*

मग चार्जिंगवर ड्यूटी लावली. ए शिफ्ट हटवार, बी शिफ्ट मी. मी झाडाखाली आडवा झालो आणि डोळा लागला. उठून पाहतो तर ट्रक गप्प, आणि हटवार डब्याशेजारी ताठ बसलेला.

"इंजिन कधी बंद झालं?"

"झाला बराच वेळ. डिझेल संपलं."

"मंग सांगितलं कावून नाई गा?"

"जागा कशी सोडू? रिलीव्हर कुठं आला होता?"

*

त्यानंतरच्या खेपेला रेखावहिनी स्वतःच धरणावर आल्या. म्हणाल्या, "आज मी रातभर बसून पाहीन. डबा नाई भरला, तर यायले घेऊन जाते, न् हे नाटक कायमचं बंद." हटवारचं तोंड एवढंसं झालं. मला फार वाईट वाटलं.

दुपारी मेश्रामने बॅटरीवरचा केबलचा नट कसायला घेतला. सवयीने स्टिअरिंगवर लाल टॅग लावला: काम चालू आहे, स्विच लावू नका. तेवढ्यात त्याचा साळा मोटरसायकलवर आला आणि घाईघाईत त्याला भाच्याच्या साखरपुड्याला दुर्गला घेऊन गेला. टॅग तसाच राहिला.

प्लांटचा नियम असा, की ज्याचा टॅग त्यानेच काढायचा. कारण काम पुरं झालं की नाही, हे त्यालाच ठाऊक.

किल्ली टेंभरेच्या हातात. ऊन उतरायला लागलं. डबा जवळजवळ रिकामा. आम्ही तिघे ट्रककडे बघत उभे.

"चालू करा ना!" वहिनी म्हणाल्या.

"टॅग मेश्रामचा हाय, वहिनी."

"मंग बोनेट उघडून पाहा!"

टेंभरेने पाहिलं. "नट कसलेला दिसते. पण टॅग मेश्रामचा हाय."

वहिनींनी तावातावात मेश्रामला फोन लावला. तो म्हणाला, "माह्या ध्यानातून गेलं, वहिनी. पण फोनवरून टॅग निघत नसते. कोणी हात लावू नका. मी येतो."

दुर्गहून तासभराचा रस्ता. मेश्राम साळ्याच्या मोटरसायकलवर एकटाच आला तो कपाळाला कुंकू, अंगात नवा कुर्ता, पंगतीतून उठून. बोनेट उघडलं, नटाला पाना लावून पाहिला, टॅग काढून खिशात घातला आणि टेंभरेला म्हणाला, "मार सेल्फ." डब्याचा आकडा चढायला लागला. मेश्रामने लगेच मोटरसायकल वळवली.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. आकडा अजून वीस टक्क्यांवरसुद्धा नव्हता. त्यांनी पिशवीतून हटवारचं मशीन काढून माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि मेश्रामच्या मागे जाऊन बसल्या.

"चला भाऊजी, मलेही घ्या. पंगत उठली नसंल अजून."