पाहुण्यांनी वाखाणलेलं आभाळ

शिक्षण खात्याच्या लातूरच्या कार्यालयातून फोन आला तेव्हा मी गुडघ्याला तेल चोळत बसले होते. वीसेक वर्षांपूर्वी नांदेडला शाळकरी मुलांचं कला शिबिर झालं होतं, त्याचे जुने फोटो त्यांना संकेतस्थळावर टाकायचे होते. "मॅडम, कोणत्या फोटोत कोण आहे, तेवढं खाली लिहून द्या. शिबिर तुम्हीच घेतलं होतं ना?" हो, मीच घेतलं होतं. म्हणजे चित्रकलेची बाई म्हणून दहा दिवस साठ पोरं माझ्या गळ्यात बांधली होती. तेव्हा 'बाई, जेवलात का' असंही कुणी विचारलं नाही, आणि आता नावं पाहिजेत. वरातीमागून घोडं.

फोटो मोबाइलवर आले. एकामागून एक नुसते पाहुणे. हे मुंबईहून आलेले मंत्री. पाहुणे गाडीतून उतरताना, पाहुणे हार घेताना, पाहुणे समई लावताना, आणि पंख्याच्या वाऱ्यानं ती विझल्यावर पुन्हा लावताना. पोरांचं कुठे एखादं कोपर दिसतं, कुठे हारामागून अर्धं कपाळ. शिबिर दहा दिवसांचं आणि पाहुणे वीस मिनिटांचे, पण जपून ठेवली ती ही वीस मिनिटंच. मला कंटाळा आला होता. 'पाहुणे व इतर मान्यवर' असं लिहून एकेक फोटो हातावेगळा करत होते.

मग एका फोटोवर थांबले. पाहुणे एका चित्रापुढे उभे आहेत, त्यांचं बोट चित्राच्या वरच्या भागाकडे. शेजारी चापून दोन वेण्या घातलेली मुलगी आणि तिच्या पाठीवर माझा हात. आम्ही सगळे हसतोय. मुलगी तेवढी स्वतःच्या पायांकडे बघतेय.

ती मुदखेडची. वडील रेल्वेत, रुळांच्या कामावर. तिनं त्यांच्या जंक्शनचा फलाट काढला होता. बाकड्यावर आडवा झालेला हमाल, नळाखाली कळशी धरलेली बाई, आणि वर नुसतं कोरं, पांढरं आभाळ. तिथं तिनं ब्रशच लावला नव्हता.

पाहुणे अकराला येणार होते, ते तीनला आले. तोवर पोरं खाली मैदानात स्वागतगीत घोकत होती आणि मी वरच्या वर्गात, भिंतीवर लावलेल्या चित्रांवरून हात फिरवत होते. आम्ही चित्रकलेचे लोक त्याला हात फिरवणंच म्हणतो. कुठे नाक सरळ करायचं, कुठे सावली ओढायची. प्रदर्शन म्हटलं की सगळेच करतात. लहानपणी माझ्या चित्रांवरून माझ्या सरांनीही फिरवला होता, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंच नाही. ती मुलगी पाणी प्यायला वर आली आणि दारात थांबली.

"बाई, आभाळ तसंच ऱ्हाऊ द्या की. मेमधी पांढरंच असतंय ते. वर बघवत न्हाई."

"पाहुण्यांना अर्धवट वाटेल," मी म्हणाले. "जा, रांगेत उभी राहा."

तिचं म्हणणं खरं होतं, खिडकीतून दिसतच होतं. पण मी घामानं निथळत होते, पाय दुखत होते, आणि 'झालं का, झालं का' म्हणून खात्याच्या साहेबांचे दोन निरोप येऊन गेले होते. चार फटकाऱ्यांत मी आभाळ निळं करून टाकलं आणि वर दोन ढगही काढले. माझा हातच तसा बसलेला होता.

पाहुणे नेमके तिथंच थांबले. आभाळ काय सुरेख उतरलंय म्हणाले आणि चित्र कुणाचं ते विचारलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढं केलं. ते खाली वाकून तिच्याशी काहीतरी बोलले, तीही काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. तिला रंगपेटी बक्षीस मिळाली. पुढच्या वर्षी ती शिबिराला आली नाही. एलिमेंटरीच्या परीक्षेलाही बसली नाही, चित्रकला सोडली, असं तिच्या शाळेतल्या बाईंकडून कळलं. मला वाटलं, रुसली माझ्यावर. आणि ते वाटणं इतकी वर्षं आत कुठंतरी टोचत राहिलं.

आता या फोटोखाली काय लिहायचं? 'विद्यार्थिनीच्या चित्राचं कौतुक करताना पाहुणे' असं लिहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण खोटं लिहायचाही आता शीण येतो. मुदखेडच्या त्याच बाईंकडून नंबर मिळवला. ती लातूरला दवाखान्यात नर्स आहे असं कळलं. फोन लावताना मला भीती वाटत होती, खरं सांगते.

"बाई? लई दिवसांनी," ती म्हणाली. आवाजावरून ओळखलं तिनं.

मी फोटोचं सांगितलं. म्हणाले, "खाली स्पष्ट लिहिणार आहे, की आभाळ मी रंगवलं होतं. तुझं चांगलं चित्र मी बिघडवलं. तू रागावलीस ते बरोबरच होतं."

पलीकडे कुणीतरी 'सिस्टर' म्हणून हाक मारली. "आले," म्हणून ती पुन्हा फोनवर आली.

"राग कशाचा, बाई? हात तर तुम्ही सगळ्यांच्याच चित्रावर फिरवला होता."

"मग चित्रं काढायची का सोडलीस?"

"पाहुण्यांनी वाकून विचारलं, आभाळ तूच काढलंस का. मी 'हाव' म्हणले. पप्पांनी ती रंगपेटी सगळ्या फलाटावर दाखवली, हमालांना, चहावाल्याला. मग ब्रश हातात घेतला की मला त्येच आठवायचं. खोटं मी बोलले होते न. तुम्ही कुठं बोलला होतात?"

इतकी वर्षं मी चार फटकाऱ्यांचाच दोष स्वतःकडे घेऊन बसले होते. घाईघाईनं म्हणाले, "अगं, तुझ्या पाठीवर हात माझा होता. तुला खोटं बोलायला मीच लावलं."

"हाव, बाई," ती म्हणाली. आवाजात राग अजिबात नव्हता. "पण हे त्याच दिवशी सांगायला पायजे होतं. मी बारा वर्षांची होते."