वाकडी वांगी

पुलगावच्या बाजारात मी फाटक्या पोत्यावर भाजी मांडून सुरुवात केली आणि पुढे दुकान थाटलं. तिथे चर्चच्या वसतिगृहातल्या एक म्हाताऱ्या सिस्टर यायच्या. त्या घासाघीस करत नसत, त्यामुळे माझी मजाच जायची. कोणी घेत नाही म्हणून वाकडी वांगीच निवडायच्या.

ज्या थोरल्या भावाशी माझा कित्येक वर्षं अबोला होता, त्याला वर्ध्याच्या दवाखान्यात भरती केलं, तेव्हा मी त्यांना म्हणालो, "देवाशी सौदा केला, सिस्टर. भावाले बरं कर, मंग मी त्याच्याशी बोलतो."

त्या हसल्या. "देवाला काय कमी आहे, भाऊ? ज्याला काही हवं असतं, त्याच्याशी सौदा होतो. बोलायचं तर आजच बोल."

माझं डोकं फिरलं. "त्यानं माह्या वावराचा धुरा नांगरून माही जमीन आपल्या शेतात घेतली! तुमच्या देवाले दिसलं नाई काय?"

"दिसलं. तरी देवाची त्याच्यावर माया आहे. तुझ्यावर पण."

दुपारीच दुकान बंद करून वर्ध्याला गेलो. भाऊ म्हणाला, "काऊन आला?"

"वांगे खपले नाई," मी म्हणालो. कित्येक वर्षांनी तो माझ्यासमोर हसला.

धुऱ्याचा राग अजून गेलेला नाही. सिस्टर मात्र बदली होऊन गेल्या. तरी रोज सकाळी वाकडी वांगी मी बाजूला काढून ठेवतो.