गाळलेली ओळ

तार आली तेव्हा मी हुबळीच्या कचेरीत होतो. ‘अक्का गेली, लगेच ये’, एवढंच. मिळेल ती गाडी धरून बेंगळूरला पोचलो, तोवर चामराजपेटेतल्या आमच्या घरापुढची माणसं पांगली होती. लहानपणच्या तापानं तिचं हृदय अधू झालं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं; पण एक्केचाळीस हे काय जायचं वय... पाच आठवडे झाले. एक गोष्ट कबूल केल्याशिवाय मला तिच्याविषयी लिहिता येणार नाही.

माझी थोरली बहीण सुमती जाधव, आमची अक्का, रक्तातल्या प्रथिनांवर काम करून डॉक्टरेट झाली, तेव्हा आमच्या नात्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेली ती एकटीच मुलगी होती. पुढचं संशोधन रुग्णांजवळ, परदेशातल्या एखाद्या विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात करायचं, हे तिनं मनाशी धरलं होतं. अशा जागांच्या जाहिराती इथं कुठल्या दिसणार! ज्यांचे लेख वाचले त्या प्राध्यापकांचे पत्ते उतरवून घ्यायचे आणि पत्र टाकायचं. ती मजकूर लिहायची, आणि मी, तेव्हा बेंगळूरातच नवा नवा टंकलेखक, सुट्टीच्या दिवशी कचेरीच्या यंत्रावर तो टाइप करायचो. दीड वर्ष पत्रं जात राहिली. नकार यायचे, पुष्कळदा तेही नाहीत.

मग इंग्लंडातल्या एका प्राध्यापकांनी उलट चौकशी केली. जागा होती, कामाची जास्त माहिती हवी होती. अक्का सहीत आडनावाआधी नुसती आद्याक्षरं लिहायची, म्हणून मायना होता, ‘प्रिय मिस्टर जाधव’. तिनं उत्तर लिहिलं आणि शेवटी एक ओळ घातली : मी स्त्री आहे, त्याची अडचण असेल तर आत्ताच कळवावं.

“ही कशाला, अक्का? आधी जागा तर मिळू दे.”

“तिथं दारात उभी राहिले की कळणारच ना रे? मग आधीच कळू दे. सरी, ठीक आहे ना? कर टाइप.”

मी ती ओळ गाळली. “तपासलंय मी,” म्हणत कागद पुढं केला, आणि तिनं विश्वासानं सही केली.

जागा मिळाल्याचं पत्र आलं. आईनं देवापुढं साखर ठेवली. अक्का मात्र पुन्हा पुन्हा ‘प्रिय मिस्टर जाधव’ हा मायना बघत होती. “माझी शेवटची ओळ यांनी वाचली नाही काय रे?” मी मान खाली घातली. ती ओरडली नाही. ‘माझ्याकडून एक ओळ राहून गेली’ असा स्वतःच्या हातानं खुलासा लिहून तिनं दोष आपल्यावर घेतला. उत्तर तीन ओळींचं आलं. जागा भरली गेली होती.

मी गाळलं नसतं तर जागा मिळाली असती का, देव जाणे. पण नकार आला असता तरी तो तिच्या खरेपणाला आला असता.

पुढं ती मुलींच्या कॉलेजात शिकवू लागली. काही वर्षांनी मी भीत भीत विचारलं, “पुन्हा कुठं लिहिलं नाहीस?”

“लिहिलं की. चार ठिकाणी. तुझ्याकडे टाइप करायला दिलं नाही, इतकंच.”

गेल्या रविवारी सकाळी तिची एक जुनी विद्यार्थिनी म्हैसूरहून आली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. “मॅडम आहेत ना? मला जागा मिळाली,” ती दारातूनच कन्नडमध्ये म्हणाली. हातात परदेशी पत्र होतं. आत बसवून मी तिला सांगितलं. ती खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “आम्हा मुलींना मॅडमच अर्ज लिहायला लावायच्या, आणि आलेलं उत्तर आधी मोठ्यानं वाचायच्या. तुम्ही वाचाल?”

मी अक्काच्या खुर्चीत बसलो, चष्मा लावला. दुसऱ्याच ओळीनंतर मी पत्र तिच्या हाती दिलं... उरलेलं त्या मुलीनं वाचलं. आई दाराला धरून उभी होती. तिला इंग्रजी कळत नाही. पण वाचून संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.