तिसऱ्या भागाचा फर्स्ट शो

बातमी छापून आली की दुसऱ्या दिवशी तिच्यात भेळ बांधली जाते. जे छापता येत नाही ते मात्र साचत राहतं. तीस वर्षं नाशिकच्या पेपरांत घालवल्यावर माझ्याकडे महापालिकेचे, पोलिस ठाण्यांचे, पुढाऱ्यांचे पोतंभर किस्से आहेत. पण हल्ली चार मित्रांत बसलो की तोंडातून निघतात ते एकाच टॉकीजचे. टॉकीजचं नाव लिहीत नाही. मालकांनी, म्हणजे शेठनी, हात जोडून तसं सांगितलंय आणि त्यांच्याशी भांडायची माझी इच्छा नाही. बाकी सगळ्यांशी आहे.

*

शेठशिवाय टॉकीजमध्ये दोन माणसं महत्त्वाची. वर मशीनच्या खोलीत पगारे मामा, ऑपरेटर, मूळचे मनमाडचे. खाली स्टॉलच्या दारात दामूअण्णा, सिन्नरकडचे डोअरकीपर. अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्ची दाखवायची, हे अण्णांचं काम.

त्या गँगस्टरच्या सिनेमाचा पहिला भाग आला तेव्हा रिळांचा जमाना होता. डॉनची एंट्री झाली आणि पब्लिकनं 'वन्स मोअर'चा असा गलका केला की मामांनी मशीन थांबवलं, रीळ हातानं मागं गुंडाळलं आणि एंट्री परत दाखवली. मग तिसऱ्यांदा. शो लांबला. बाहेर तीनच्या शोची गर्दी गेट हलवायला लागली, म्हणून एक हवालदार चौकशीला वर गेला.

"काय गोंधळ लावलाय?" त्यानं दरडावलं.

मामा म्हणाले, "साहेब, पब्लिक ओरडली की मागं घ्यावं लागतं. इथला नियम आहे."

हवालदारानं छोट्या खिडकीतून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी आलो तेव्हा एंट्री निम्मी झाली होती. लावा परत."

*

या टॉकीजमध्ये मी कधीच वेळेवर पोहोचलो नाही. बाराचा फर्स्ट शो, आणि साडेअकराला कुठल्या तरी साहेबांची पत्रकार परिषद. अण्णा माझ्या पायापुढं उजेड टाकत चालायचे आणि दबक्या आवाजात टोमणे मारायचे.

"पत्रकार, पेपरात परीक्षण कोन लिवतं?"

"मीच."

"सुरुवात न बघता?"

"अण्णा, सुरुवातीला काही नसतं हो."

"आसंल. मला बी ठाव नाय."

आणि ते खरंच होतं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत अण्णांनी एकाही सिनेमाची पहिली पंधरा मिनिटं पाहिली नव्हती. तेवढा वेळ त्यांची पाठ पडद्याकडे आणि बॅटरी जमिनीकडे. दुसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरली की शेठ त्यांना बाहेरच्या गेटवर पाठवायचे. डॉनची एंट्री त्यांना फक्त शिट्ट्यांवरून माहीत होती. एकदा मी विचारलं, हा माणूस डॉन झाला कशामुळे? अण्णा म्हणाले, "त्ये आधी झालं आसंल. मी आलो तवा त्यो डॉनच व्हता."

*

दुसरा भाग आला तोवर रिळं गेली होती. वर कॉम्प्युटर बसला होता आणि कंपनी पाठवील त्या किल्लीनं, म्हणजे पासवर्डनं, सिनेमा उघडायचा. शो मध्येच मागं घेतला की कंपनीला कळायचं, आणि फोन यायचा.

एंट्री झाली, पब्लिक 'वन्स मोअर' ओरडली. काहीच झालं नाही. पब्लिक आणखी ओरडली. तेव्हा पगारे मामा जिना उतरून खाली आले, पडद्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. डॉनचा जबडा मामांच्या शर्टावर हलत होता. "माझ्या हातात नाही राहिलं," एवढंच ते म्हणाले. चेष्टा होईल असं मला वाटलं होतं. सगळं थेटर गप्प बसलं.

त्या भागाच्या शेवटी डॉनला गोळी लागते आणि तो समुद्रात पडतो. मेला की वाचला, हे कळायला नऊ वर्षं जायची होती.

*

त्या नऊ वर्षांत शहराच्या चारी बाजूंना मॉल झाले, गंगापूर रोडची पोरं तिकडच्या गुबगुबीत खुर्च्यांत जाऊन बसली आणि आमच्या टॉकीजमध्ये दुपारच्या शोला दहा माणसं आली तरी मामा खूश व्हायचे. एक बिल्डर दर दिवाळीला मिठाई आणि नकाशे घेऊन यायचा. शेठ मिठाई ठेवून घ्यायचे, नकाशे परत करायचे. म्हणायचे, "तिसरा भाग लागू दे. मग बघू."

एका दुपारी त्यांनी अण्णांना बोलावलं. मी तिथंच चहा पीत होतो.

"दामू, तिसऱ्या भागाच्या फर्स्ट शोला तू बॅटरी धरायची नाही. बाल्कनीत पहिल्या रांगेत बसायचं. पहिल्यापासून बघायचं."

अण्णा म्हणाले, "बाल्कनी नको शेठ. तिथं शिट्टी मारत नाय कुनी. स्टॉलात द्या."

तिसऱ्या भागाचं पोस्टर तोवर दर्शनी काचेमागं लागलं होतं. वर 'लवकरच'. तारीख पुढं जात राहिली. ऊन खाऊन डॉनचा चेहरा पांढराफटक पडला, पिस्तूल तेवढं काळं राहिलं. अण्णा रोज सकाळी ती काच पुसायचे.

*

मग निर्मात्यांची पत्रकार परिषद झाली. तीसुद्धा ऑनलाइन, कॉम्प्युटरच्या पडद्यावर चौकटी-चौकटींत माणसं. सिनेमा थेट मोबाइलवर येणार, असं त्यांनी हसत हसत जाहीर केलं. मी विचारलं, "निदान एक आठवडा थेटरांना का नाही?"

त्यांचा एक माणूस म्हणाला, "सर, आता प्रत्येकाच्या खिशात थिएटर आहे."

"त्या खिशात नऊशे माणसं एकदम शिट्टी कशी मारणार?" मी म्हणालो. तेवढ्यात त्यांनी माझा माइक बंद केला. मंत्र्यांनी मला हाकललं आहे, नगरसेवकांनी शिव्या घातल्या आहेत. पण तोंड हलतंय आणि आवाज कुणालाच जात नाही, हा अनुभव पहिला.

मी दीड कॉलम खरमरीत लिहिला. सकाळी पाहतो तर त्याचं चार ओळींचं चौकोनी टिपण झालं होतं, आणि शेजारच्या पूर्ण पानावर त्याच सिनेमाची जाहिरात: 'शुक्रवारपासून, घरबसल्या'. संपादकांच्या केबिनमध्ये जाऊन मी जे बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. तिथंही नव्हतं.

*

अण्णांना सांगायचं माझ्यावर आलं. शेठची हिंमत होईना. मी पोहोचलो तेव्हा अण्णा काच पुसत होते.

"अण्णा, सिनेमा आला. शुक्रवारी."

"शेठ बोलले नाय."

"इथं नाही. मोबाइलवर येतोय. ज्यानं त्यानं घरी बघायचा."

"बरं. मंग हितं कधी?"

"इथं नाही येणार अण्णा."

त्यांनी फडकं पिळलं. मला वाटलं आता बादली उचलून आत जातील. पण काचेचा खालचा कोपरा राहिला होता, तो त्यांनी पुसला. मग म्हणाले, "बिल्डरला कळवलं आसंल शेठनी."

कळवलं होतं. कंपनीनं वरचं मशीन त्याच आठवड्यात उचलून नेलं.

*

शुक्रवारचं ठरवलं ते पगारे मामांनी. सिनेमा आदल्या रात्रीच मोबाइलवर आला होता, पण अण्णा ऐकेनात. "आपला फर्स्ट शो बाराला आसतो." शेठच्या मुलानं त्याचा मोठा फोन दिला. शब्द दिला होता तो पाळायचाच म्हणून शेठ स्वतः काठी टेकत आले. मला निरोप होता: बाराला या, वेळेवर.

साडेअकराला आयुक्तांची पत्रकार परिषद होती. पाण्याचा प्रश्न होता, मी भांडत बसलो.

स्टॉलचं दार ढकललं तेव्हा बारा वाजून दहा-बारा मिनिटं झाली होती. आत दिवे बंद. नऊशे खुर्च्या रिकाम्या, मागं उघडा पांढरा पडदा. पुढच्या रांगेसमोर स्टुलावर मामांचा जेवणाचा डबा, डब्याला टेकवलेला फोन. त्या उजेडात तीन डोकी. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मी चाचपडत पुढं सरकलो आणि पाय खुर्चीवर आपटला. त्या आवाजासरशी अण्णा उठले. खिशातून बॅटरी निघाली. पडद्याकडे पाठ करून ते रांगेरांगेनं माझ्यापर्यंत आले, माझ्या पायापुढं उजेड टाकला आणि मला घेऊन निघाले. एवढ्या रिकाम्या थेटरात त्यांनी मला एक नेमकी खुर्ची दाखवली. कडेची, माझी नेहमीची.

त्या वेळात फोनमधून बारीक आवाजात डॉनच्या एंट्रीचं ते जुनं संगीत वाजलं आणि संपलं. एंट्री होऊन गेली होती. डॉन वाचला होता.

मग मामांनी बोट फोनजवळ नेलं. "दामू, मागं घेऊ का? आता घेता येतं."

"नको," अण्णा म्हणाले. "पब्लिक वरडली नाय."

मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. उठून उभा राहिलो आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो, "वन्स मोअर!"

शेठनी काठी जमिनीवर आपटली. मामांनी सिनेमा पार पहिल्या अक्षरापर्यंत मागं नेला.

अण्णा माझ्याजवळ आले, बॅटरी माझ्या हातात दिली आणि दाराकडे बोट केलं.

"तिथं थांबा पत्रकार. लोक उशिरा येत्यात."